घर नसलेला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. फणसाच्या लाकडाचा, दोन फळ्यांचा, अंगावर पितळेची फुलं ठोकलेला आणि स्वभावाने जरा ताठ. पावसाळ्यात मी फुगतो, उन्हाळ्यात कुरकुरतो. ही खोड सगळ्याच दरवाजांना असते आणि पुष्कळ माणसांनाही असते, म्हणून मी तिची लाज बाळगत नाही. एरवी दरवाजाने आपली कहाणी सांगायची म्हणजे आल्यागेल्याचं स्वागत केलं, चोराला अडवलं, ऊनपाऊस सोसला, एवढंच असतं. ते सगळं मीही केलं. पण आज माझ्यामागे घर नाही, आणि तरीही मला रोज सकाळी कुणीतरी उघडतं आणि सांजवेळी लावून घेतं. हे कसं झालं ते सांगतो.

माझं झाड नेसरीच्या एका परड्यात उभं होतं. कुरुंदवाडच्या एका शेतकऱ्याने मुलाचं लग्न ठरलं तेव्हा ते विकत घेतलं. नवी सून जुन्या, कुजक्या दारातून आत यायला नको, असं त्याला वाटलं. सुताराने मला रंधून, तासून चौकटीसकट उभं केलं, आणि पंधरवड्यात माझ्या उंबऱ्यावरचं माप लवंडून सून आत आली. तिचं नाव झुंबरबाई. नवऱ्याला सगळा गाव आण्णा म्हणायचा. झुंबरबाई आणि मी एकाच वर्षी त्या घरात आलो, म्हणून मी तिला मनातल्या मनात माझी बरोबरीची समजतो.

आण्णांची एक सवय होती. मळ्यातून परत आले की ते हाक मारायचे नाहीत. तळव्याने दोन थापा मारायचे आणि मग कडी एकदा ओढून सोडायचे. थप, थप, खळ्ळ. घरात पाहुणे असोत, लेक शालू रडत असो, चुलीवर दूध उतू जात असो, झुंबरबाई आतून म्हणायची, "आले, आले!" आणि हातातलं काम टाकून यायची. मी तर वेळ पाहून आधीच तयार राहायचो. संसार म्हणजे काय हे मला विचाराल तर मी तेवढंच सांगेन. एक थाप आणि आतून तिचं "आले".

मग तो महापूर आला. कृष्णा आणि पंचगंगा दोघी एकदम गल्लीत शिरल्या. सकाळी पाणी पायरीला होतं, दुपारी माझ्या कडीपर्यंत चढलं. नाव आली, झुंबरबाई बसली, आण्णा बसले. नाव गल्लीच्या तोंडाशी गेली आणि आण्णांना आठवलं, म्हशीचं दावं सोडायचं राहिलं. "ह्यो आलोच," म्हणून ते छातीभर पाण्यात उतरले. गोठा घराच्या कडेला होता. त्यांनी म्हैस सोडली. ती पोहत निघून गेली आणि पुढे जगलीही. परतताना आण्णा माझ्यापाशी थांबले. आत कुणी नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी तळवा दोनदा मारला आणि पाण्यात हात घालून कडी ओढली. ती थाप सवयीने मारली, की घराचा निरोप घेतला, मला आजही कळलेलं नाही. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच. त्यानंतर त्यांना कुणीच पाहिलं नाही. ते सापडले नाहीत, जिवंतही नाही आणि दुसऱ्या तऱ्हेनेही नाही.

पाणी ओसरलं तेव्हा मातीच्या भिंती खाली बसल्या होत्या. मी मात्र चौकटीसकट उभा होतो, ढिगाऱ्यात एकटा. लग्न होऊन कबनूरला गेलेल्या शालूने आईला आपल्याकडे नेलं. आण्णांचा एक पुतण्या गावात मागे राहिला होता, त्याने तुळया आणि मला कोल्हापूरच्या एका जुन्या लाकडाच्या वखारीत विकून टाकलं. झुंबरबाईला त्याने विचारलं नाही. पडलेल्या घराचं काय विचारायचं, असं त्याला वाटलं असेल.

वखारीत मी बरेच दिवस भिंतीला टेकून होतो. एक दिवस तिथे आकाराम आला. हा कोल्हापुरातल्या एका हौशी नाट्यसंस्थेचं नेपथ्य करायचा, म्हणजे रंगमंचावरची खोटी घरं उभी करायचा. त्याच्याबरोबर स्नेहल होती. नाटक तिने लिहिलं होतं आणि बसवतही तीच होती. तिने माझी कडी ओढून सोडली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "आकाराममामा, हाच. प्लायवूडला असला आवाज न्हाय."

मी हरखलो. म्हटलं, चला, पुन्हा घर मिळालं!

मित्रांनो, कसलं घर? मोकळ्या रंगमंचाच्या मधोमध त्यांनी मला उभं केलं. डावीकडे काही नाही, उजवीकडे काही नाही. मागून दोन तिरके टेकू आणि पायाशी वाळूच्या पिशव्या. नाटकाचं नाव होतं 'आधी दार, मग घर'. पुरात घर गेलेल्या बाबू नावाच्या माणसाची ती गोष्ट होती. सरकार घरं वाटायचं ठरवतं, पण घरं तयार नसतात, म्हणून पहिल्या टप्प्यात नुसती दारं वाटतं. मंत्री फीत कापतो, दारासोबत फोटो काढतो. मग नियम निघतो की पाहणीला साहेब येईल तेव्हा जो घरात सापडेल त्यालाच भिंती मिळतील. बाबू बिचारा माझ्यामागे उघड्यावर बसून राहतो. चोर येतो, तोसुद्धा वळसा न घालता माझं कुलूप फोडत बसतो. साहेब आल्यावर बाबू माझ्यासमोर येऊन थाप मारतो, धावत मागे जातो, आतून विचारतो, "कोण हाय?" पुन्हा धावत पुढे येऊन सांगतो, "मी हाय की!" पुन्हा मागे जाऊन म्हणतो, "मी तर आत हाय!" प्रेक्षक खुर्च्यांवरून घरंगळायचे. बाबूचं काम उदयसिंह करायचा. उंच, हडकुळा, आणि नुसता उभा राहिला तरी लोकांना हसू यावं असा चेहरा.

मी रागावलो नाही. नाटक खोटं नव्हतं. कुरुंदवाडला ढिगाऱ्यात उभा असताना मी तसले साहेब पाहिले होते. पण एक गोष्ट मला सुखाने राहू देत नव्हती. पुराचं पाणी माझ्या लाकडात चढलं होतं ते पुरतं उतरलंच नव्हतं. आकारामने मला हिरवा रंग दिला. दोन प्रयोग झाले आणि कडीच्या उंचीवर पाण्याची काळी रेघ रंगातून वर आली. त्याने पुन्हा रंग दिला. रेघ पुन्हा आली. रंगमंच रोज झाडूनही माझ्या उंबऱ्याशी बारीक गाळ पडलेला असायचा.

"मामा, ह्यो डाग परत आलाय बघा," उदयसिंह म्हणाला.

"लाकूड हाय त्ये. पाणी प्यालंय. वकणारच की," आकाराम म्हणाला आणि फडक्याने पुसू लागला. पुसताना तो माझ्या मागच्या बाजूला दोनदा वाकून पाहून आला. तिथे कुणी नव्हतं.

त्याहून वाईट गोष्ट एका तालमीत घडली. बाबूची थाप कशी असावी ते उदयसिंहला सापडत नव्हतं. कधी मुठीने मारायचा, कधी बोटांनी. स्नेहल नाही म्हणायची. मग तो कंटाळून, लक्ष नसल्यासारखा माझ्यापाशी आला आणि त्याने तळवा दोनदा मारला, कडी एकदा ओढून सोडली. थप, थप, खळ्ळ.

माझ्या बिजागऱ्या थरथरल्या. पायाखालची वाळूची पिशवी सरकली आणि मी हातभर झुकलो. आकाराम धावला नसता तर पडलोच असतो.

"हीच थाप!" स्नेहल ओरडली. "कुठनं आणलीस?"

उदयसिंह आपल्या तळव्याकडे बघत राहिला. "काय की. हात आपसूक गेला," तो म्हणाला. तळवा ओला झाला होता. त्याने तो विजारीला पुसला आणि बोलणं बदललं.

तेव्हापासून प्रत्येक प्रयोगात ती थाप माझ्यावर पडू लागली. दर वेळी मी आतून येणाऱ्या शब्दाची वाट पाहायचो आणि दर वेळी आतून उदयसिंह धापा टाकत विचारायचा, "कोण हाय?" लोक हसायचे. पण आतून "आले" म्हणणारं कुणीच नाही हे एकट्या मला ठाऊक होतं, आणि बाहेर कोण आहे याची मला खात्री उरली नव्हती.

नाटक गाजलं. गावोगाव त्याचे फलक लागले. त्यावर माझा फोटो होता. इचलकरंजीच्या बाजारात जाताना तो फलक झुंबरबाईने पाहिला आणि ती रस्त्यातच उभी राहिली. हे मला पुढे शालूच्या तोंडून कळलं. आई म्हणे, "आपलं दार." लेक म्हणाली, "आई, असली दारं ढिगानं असत्यात." आईने खालच्या उजव्या कोपऱ्यातलं पितळेचं फूल दाखवलं. ते उलटं बसलेलं होतं. सुताराची चूक होती ती, आणि लग्नाच्या गडबडीत तशीच राहून गेलेली.

मग एका रविवारी दुपारच्या प्रयोगाला दोघी मायलेकी कोल्हापूरला आल्या. पडदा वर गेला आणि चौथ्या-पाचव्या रांगेत मी झुंबरबाईला पाहिलं. पाठ वाकली होती. केस पांढरे झाले होते. कपाळाला मात्र कुंकू होतं, पूर्वीएवढंच मोठं. ती हसत नव्हती. ती नुसती माझ्याकडे बघत होती, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हिरव्या रंगाची लाज वाटली.

दुसरा अंक सुरू झाला. उदयसिंह आला. तळवा उचलला. थप, थप, खळ्ळ.

"आले, आले!"

आवाज प्रेक्षागृहातून आला. झुंबरबाई उठली होती. शेजारच्यांचे गुडघे ओलांडत, पदर सावरत ती बाजूच्या पायऱ्यांवरून रंगमंचावर चढली. लोकांना वाटलं नाटकातलंच आहे. हशा उसळला. ती माझ्यामागे गेली, जिथे आत असायला हवं होतं तिथे, आणि तिने माझा आडवा लाकडी आडणा काढून मला उघडलं. समोर फाटक्या कपड्यांतला उदयसिंह उभा होता. हशा आणखी वाढला. कुणीतरी शिट्टीही मारली.

झुंबरबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "थाप ह्येंची हाय. हात कुणाचा हाय?"

उदयसिंहला सगळ्या नाटकाची भाषणं पाठ होती, स्वतःचीही आणि दुसऱ्यांचीही. पण त्याने नुसता आपला तळवा तिच्यापुढे धरला. पुढच्या रांगांचं हसू थांबलं. मागच्या रांगा तरीही हसत होत्या, कारण त्यांना झुंबरबाईचा चेहरा दिसत नव्हता. ती माझ्या उंबऱ्यावर बसली आणि पाण्याच्या रेघेवरून तिने बोट फिरवलं. आकारामने पडदा पाडला.

पडद्यामागे शालू धावत आली. "आई, ऊठ की! लोकं बघायल्यात." आई उठेना. आकारामने चहा आणून दिला, तो तिने बाजूला ठेवला. हळूहळू सगळी हकीकत बाहेर आली. स्नेहलने सगळं ऐकून घेतलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाली, "मावशी, दार तुमचं असंल. पण पुढच्या म्हैन्यात आमची स्पर्धेची फायनल हाय आणि सगळं नाटक ह्या दारावर उभं हाय. आणि राग मानू नका, तुमचं घर तर पडलंय. घर न्हाय, मग दार घेऊन करणार काय?"

"मग तुमी काय करताय त्येचं?" झुंबरबाई म्हणाली. "तुमच्या बी दाराला घर न्हाय की."

आकारामने तोंड फिरवलं. झुंबरबाई पुढे बोलतच राहिली. "ह्येनी म्हस सोडाय गेल्यात, आजून आलं न्हाईत. लोकं म्हणत्यात कुंकू पूस. मी का पुसू? कुणी बघितलंय? आल्यावर ह्येनी जायाचं कुठं? कबनूर ठावं न्हाय ह्येस्नी. लेकीच्या घरी दिसरात कापडाच्या मागाचा खडखडाट. थाप वाजली तर मला ऐकू याची न्हाय. ह्येस्नी ह्येच दार ठावं हाय, बाई. ह्येलाच वळखत्यात ह्येनी."

स्नेहलने तेव्हा होही म्हटलं नाही आणि नाहीही. मायलेकी कबनूरला परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात नाटकाचं परीक्षण आलं. प्रेक्षकांतून उठून येणाऱ्या वृद्धेचा प्रसंग अंगावर काटा आणतो, असं त्यात छापलं होतं. फोनवर फोन आले. लोकांना तोच प्रसंग पुन्हा पाहायचा होता. स्नेहलने तो लिहून काढला. एक नटी पांढरा टोप घालून प्रेक्षकांच्या खुर्चीत बसली. तालीम सुरू झाली. उदयसिंहने हात उचलला, आणि तो तसाच हवेत राहिला.

"काय झालं?" स्नेहलने विचारलं.

"स्नेहल, त्या दिशी लोकं हसली तवा मी बी आतनं सुखावलो हुतो," तो म्हणाला. "मनात म्हणलं, काय टायमिंग हाय म्हातारीचं! म्हंजे बघ मी कसला माणूस हाय. आता ह्या दारावर माझा हात पडत न्हाय. दुसरा बाबू बघ."

स्नेहल रंगमंचाच्या कडेला पाय सोडून बसली. बरीच वर्षं तिचे डोळे त्या फायनलकडे लागले होते, हे मी पाहिलेलं होतं. तिच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, सांगता येत नाही. शेवटी ती उठली आणि म्हणाली, "आकाराममामा, प्लायवूडचं एक दार ठोका. आवाज न्हाय आला तर न्हाय आला."

पुढच्या शनिवारी मी टेम्पोतून कुरुंदवाडला परत आलो. घराच्या जागी दगडी जोतं तेवढं उरलं होतं, त्यावर गवत. आकारामने गवत काढून माझी चौकट जुन्या जागी उभी केली, सिमेंट घातलं, वर टेकूही ठेवले. गल्लीतली माणसं जमली. काहीजण हसले. एक पाहुणा म्हणाला, "अवं, घर कुठाय?" आकाराम म्हणाला, "मागनं येतंय." नाटकात याच वाक्याला टाळ्या पडायच्या. इथे त्याने ते मान खाली घालून म्हटलं.

चौकट उभी केली की पुजायची, अशी आमच्याकडची रीत. हळकुंड, सुपारी आणि अक्षता यांची पुरचुंडी चौकटीला बांधायची, सवाष्णींनी उंबऱ्याला हळदकुंकू लावायचं. पुरचुंडी बांधून झाली. झुंबरबाई करंडा घेऊन पुढे आली तशा बायका घुटमळल्या. आण्णांच्या बायकोला सवाष्ण म्हणायचं की नाही, हा वाद गल्लीत पूर आल्यापासून मिटला नव्हता. कुणीच पुढे होईना. झुंबरबाईचा हात तसाच राहिला. तेव्हा शेजारची बायडाबाई, जी भांडणात कुणाला हार जात नाही, ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "तिचं कपाळ ती बघंल. तुमच्या घरात भिंती हायत म्हणून बोलतासा व्हय? ये गं झुंबरे, लाव तू आधी." आणि झुंबरबाईने माझ्या उंबऱ्याला कुंकू लावलं.

पूजा झाली आणि एक अडचण उभी राहिली. पुजलेल्या चौकटीला वळसा घालायचा नसतो. ती ओलांडूनच आत जायचं असतं. डावीउजवीकडे सगळं मोकळं असूनही गल्लीतली माणसं आता माझ्यासमोर चपला काढतात, कडी वाजवतात आणि आतून हाक आल्यावरच येतात. झुंबरबाई कबनूर सोडून इथेच आली आहे; झोपायला ती बायडाबाईच्या घरी, पुढच्या सोप्यात जाते. दिवसभर ती माझ्यामागे ताडपत्रीखाली बसलेली असते. तांदूळ निवडते, शेंगा फोडते, आल्यागेल्याला पाणी देते. घरकुलाच्या पाहणीला साहेब येऊन गेला. तो मात्र कडेने आला. "पावणं, दारातनं या," ती म्हणाली. त्याने ऐकलं नाही. मोबाइलवर फोटो काढला आणि कडेनेच निघून गेला. भिंती अजून आलेल्या नाहीत. पुढचा पावसाळा कुणासाठी थांबणार नाही, एवढं मला कळतं.

फायनलला बक्षीस मिळालं नाही, असं आकाराम सांगून गेला. प्लायवूड वाजलंच नाही. उदयसिंह अधूनमधून येतो आणि कडी न वाजवता बाहेरूनच हाक मारतो.

आणि मित्रांनो, एक गोष्ट सांगायची राहिली. कधी कधी तिन्हीसांजेला, गल्लीत कुणी नसताना, माझ्यावर तळवा दोनदा पडतो आणि कडी एकदा ओढली जाते. झुंबरबाई "आले, आले" म्हणत येते आणि मला उघडते. बाहेर रस्ता असतो, पलीकडे उसाचं शेत असतं आणि नदीकडून येणारी वाट असते. ती थोडा वेळ मला उघडाच ठेवते आणि मग लावून घेते. ते आण्णा असतात का, असं मला विचारू नका. मला थाप कळते. हात कुणाचा ते कळत नाही.

पण काही वेळा तिथे खरोखर कुणीतरी असतं. गल्लीतली पोरं असतात. त्यांना ती थाप समजली आहे. वाजवतात आणि पळून जातात. खिदळण्याचा आवाज मला कोपऱ्यापर्यंत ऐकू येतो. म्हणून तुमच्याजवळ माझं एकच मागणं आहे. मला रंग नको, तेलपाणी नको. कधी कुरुंदवाडला आलात तर कडेने जाऊ नका, कडी वाजवा, आत या, तिच्या हातचं पाणी प्या. फक्त ती थाप मारू नका. तुमची स्वतःची जी असेल ती मारा. त्या थापेला ती अजून धावत येते, आणि तिचे गुडघे आता फार दुखतात.